डाव्या खांद्याचे आकडे

तिला दवाखान्यात सगळे अंशताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. सव्वीस वर्षं ती एकच काम करत आली होती. आखडलेला, मोडून सांधलेला, शस्त्रक्रिया झालेला खांदा किती अंश हलतो ते मोजायचं, वहीत लिहायचं, आणि मग त्याला पुढचे चार अंश कसे मिळतील ते बघायचं.

"हिच्यापुढे भल्याभल्यांना हात वर करावे लागतात," हा विभागातला जुना विनोद होता. प्रत्येक नवीन माणूस तो स्वतःला सुचल्यासारखा सांगायचा आणि अंशताई प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

विभाग तळमजल्यावर होता, एक्स-रेच्या खोलीच्या मागे. तीन खाटा, मध्ये हिरवे पडदे, छताला कप्पी आणि दोरी, कोपऱ्यात हाताने फिरवायचं एक लोखंडी चाक, भिंतीवर बोटांनी चढायची एक लाकडी शिडी. आणि एक पुरुषभर उंचीचा आरसा. आरसा कशाला, असं कोणी विचारलं की अंशताई म्हणायची, "लबाडी बघायला."

लबाडी हा तिच्या धंद्यातला रोजचा शब्द. खांदा वर जात नसला की माणूस कंबरेत मागे वाकतो, खांदा कानाजवळ आणतो, एका कुशीवर कलतो, आणि हात वर गेला असं त्याला मनापासून वाटतं. मुद्दाम कोणी करत नाही. शरीरच पळवाट काढतं. एका बसचालकाने एकदा हात ताडकन डोक्यावर नेऊन दाखवला आणि विचारलं, "झालो ना बरा?" अंशताई म्हणाली, "खांदा पंच्याण्णव. बाकी सगळी कंबर." तो निमूट खाटेवर आडवा झाला.

मोजायचं साधन म्हणजे एका चकतीला जोडलेल्या दोन पारदर्शक पट्ट्या. त्याला गोनिओमीटर असं भारदस्त नाव आहे, पण ती नुसतं 'पट्टी' म्हणायची. चकती सांध्यावर ठेवायची, एक पट्टी बरगड्यांच्या रेषेत, दुसरी दंडाच्या रेषेत, आणि चकतीवर आकडा वाचायचा. आकडे दोन. पहिला, रुग्ण स्वतः हात किती उचलतो त्याचा. दुसरा, तो उताणा झोपलेला असताना अंशताई त्याचा हात धरून किती वर नेते त्याचा. वहीत त्यांचे दोन रकाने होते, 'स्वतः' आणि 'धरून'. दुसरा आकडा नेहमी पहिल्याएवढा किंवा जास्त असतो, कारण माणूस स्वतः दमतो, घाबरतो, थांबतो. धरून नेलं की सांधा खरोखर कुठे अडतो ते कळतं. ते अडणं हाताला कळावं लागतं. स्नायूचं अडणं वेगळं, हाडाचं वेगळं, आखडलेल्या आवरणाचं वेगळं. अंशताईचा हात त्यात मुरलेला होता. हाडांचे मोठे डॉक्टर वही उघडायचे ते थेट 'धरून'चा रकाना बघायचे आणि पुढचं ठरवायचे. "बाईंनी लिहिलंय ना? मग झालं," एवढंच म्हणायचे.

तर अशा या अंशताईचा स्वतःचा उजवा खांदा एक्कावन्नाव्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, दुखायला लागला.

आधी काही वाटलं नाही. गाडीत मागच्या सीटवरची पिशवी घेताना कळ आली. मग रात्री त्या कुशीवर झोपता येईना. मग वेणी घालताना हात मानेपर्यंत पोचेना. तेव्हा तिने काय करावं? एका रविवारी जाऊन केस कापून आली, खांद्यापर्यंत. मुलगी म्हणाली, "आई, छान दिसतेस गं, दहा वर्षांनी लहान." नवराही म्हणाला, छान. तिने दोघांचंही ऐकून घेतलं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे एकेक करून ओट्यावर आले. कपडे वाळत घालायचं काम कधी नवऱ्याकडे गेलं, ते त्यालाही कळलं नाही.

कळलं ते फक्त सासूबाईंना. ऐंशी उलटलेल्या, दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत, आणि डोळ्यांत मोतीबिंदू. पण बघायचं ते बरोबर बघायच्या.

"तू हल्ली स्वेटरची उजवी बाही आधी घालतेस," त्या एका सकाळी म्हणाल्या.

"त्यात काय, आई?"

"मी पडले होते तेव्हा तूच शिकवलंस. दुखरा हात आधी घालायचा आणि शेवटी काढायचा."

"सवय लागली असेल. दिवसभर लोकांना तेच सांगते."

"असेल," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तिला माहीत नव्हतं असं नाही. हजारो खांदे बघितलेल्या बाईला स्वतःचा खांदा ओळखू येत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात तशी गत. दुसरं कोणी असतं तर तिने पहिल्याच आठवड्यात खाटेवर झोपवलं असतं. स्वतःच्या बाबतीत म्हणाली, थंडी ओसरली की सुटेल. शिवाय विभागात सांगायचं म्हणजे काय? कालपर्यंत जिच्याकडे बोट दाखवून सांगायचे की बघा, यांच्याकडून शिका, तिनेच दोरीला लटकायचं? दुपारची गोळी घ्यायची, आणि काम चालू.

त्याच सुमाराला सलूनवाले काका आले. वय पंचावन्न, साखरेचा आजार जुना, डावा खांदा तीन महिन्यांपासून आखडलेला. गृहस्थ बोलका.

"डावाच आहे ना, मग कात्रीचा हात तर मोकळा आहे," अंशताई पहिल्या दिवशी म्हणाली.

"ताई, कात्री उजव्या हातात, पण कंगवा डाव्या हातात. कंगव्याने केस उचलून धरले नाहीत तर कात्री काय हवेत चालवू? उंच गिऱ्हाईक आलं की मी सांगतो, जरा घसरून बसा. परवा एक जण इतका घसरला की खुर्चीखाली गेला."

पहिल्या दिवशी काकांचा हात स्वतः पंच्याऐंशी अंश गेला, धरून पंच्याण्णव. पुढचे सहा आठवडे चांगली प्रगती झाली. मग वहीत काहीतरी थबकलं. धरून एकशे दहा. पंधरा दिवसांनी एकशे बारा. पुन्हा एकशे दहा.

"ताई, हात वर जातोय हो," काका सांगायचे. "काल एका उंच मुलाचे केस कापले, घसरायला न सांगता."

"काका, पाठ वाकवत असाल."

"नाही हो."

"या, आरशासमोर उभे राहा. आता उचला. ही बघा पाठ."

काका आरशात बघायचे. पाठ थोडीशी हलायची खरी, सगळ्यांचीच हलते. मग ते परत खाटेवर जाऊन बसायचे. अंशताई 'स्वतः'च्या रकान्यात आकडा लिहून पुढे शेरा मारायची: वाकतात.

चार महिने झाले. मोठ्या डॉक्टरांनी वही बघितली आणि मान हलवली. अडीच महिन्यांत 'धरून'चा आकडा हलला नव्हता. त्यांनी ठरवलं की भूल द्यायची आणि झोपेत असताना हात जोर लावून फिरवायचा, म्हणजे आत आखडून बसलेलं आवरण सुटेल. पुष्कळांना त्याने बरं वाटतं. पण साखरेच्या रुग्णाला पुन्हा आखडण्याची भीती असते, आणि क्वचित कधी हाडालाही इजा होते. डॉक्टरांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. काका घरी गेले आणि त्या रात्री जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं. एवढ्या बोलक्या माणसाने दोन दिवस सलूनमध्ये कोणाशी शब्द काढला नाही.

याच आठवड्यात अंशताईने एक दिवस रजा टाकली. सासूबाईंचे डोळे दाखवायचे होते. त्या दिवशी काकांची मोजणी धाकटीने केली.

धाकटी म्हणजे विभागातली दुसरी मोजणारी. सव्वीस वर्षांची, येऊन आठ महिने झालेली. हुशार, पण अंशताईसमोर बोलताना शब्द मोजून बोलायची. दुसऱ्या दिवशी अंशताईने वही उघडली. धाकटीच्या गोलसर अक्षरात लिहिलं होतं: स्वतः एकशे अठरा, धरून एकशे अठ्ठावीस.

"हे काय आहे?"

"काल मोजलं ते, मॅडम."

"मी तीन दिवसांपूर्वी एकशे दहा लिहिलंय. तीन दिवसांत अठरा अंश? खांदा आहे की रबर?"

"मी दोनदा मोजलं. बरगड्या दाबून धरल्या होत्या. वाकले नव्हते ते."

"मग चकती सरकली असेल तुझी. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जायचंय त्या माणसाला. असे आकडे लिहून चालत नाही."

दुपारी काका आले तेव्हा अंशताईने त्यांना खाटेवर घेतलं आणि धाकटीला शेजारी उभं केलं. डाव्या बाजूला उभी राहिली, उजव्या हाताने काकांचा हात कोपराखाली धरला आणि डोक्याच्या दिशेने न्यायला लागली. एका जागी अडलं. पट्टी लावली. एकशे दहा.

"बघितलंस?"

"हो, मॅडम," धाकटी म्हणाली. पण ती पट्टीकडे बघत नव्हती. अंशताईच्या कोपराकडे बघत होती.

तिथेच मिटलं असतं. जिच्या शब्दावर पंचवीस वर्षं डॉक्टर चालत आले तिच्यापुढे आठ महिन्यांची मुलगी काय बोलणार? पण दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतून निरोप आला, सलूनवाल्यांचे सगळे आकडे एका कोऱ्या कागदावर सुवाच्य लिहून पाठवा. उद्या त्यांना भूल द्यायची आहे.

अंशताई कागद घेऊन बसली. एका खाली एक तारखा लिहिल्या. मग 'स्वतः'चा रकाना उतरवला: पंच्याऐंशी, पंच्याण्णव, शंभर, एकशे सात, एकशे बारा, एकशे चौदा. मग 'धरून'चा: पंच्याण्णव, एकशे चार, एकशे दहा, एकशे बारा, एकशे दहा, एकशे दहा. लिहिता लिहिता पेन थांबलं. शेवटच्या दोन ओळींत माणूस स्वतः हात जास्त उचलत होता आणि ती धरून कमी नेत होती.

असं होत नाही. हे ती पहिल्या वर्षाच्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची. वहीत प्रत्येक वेळी एक एक आकडा लिहिताना तिला ते खटकलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिने 'वाकतात' असं लिहून सोडून दिलं होतं. आता ते कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी होतं.

तिने वही मागे उलटायला सुरुवात केली. थंडी सुरू झाल्यापासूनची सगळी पानं. उजवा खांदा दुखणारे लोक: आकडे हळूहळू चढत गेलेले, जसे चढायला हवेत तसे. डावा खांदा दुखणारे: सात जण. सातही जण एकशे दहाच्या आसपास येऊन थांबलेले. सात वेगवेगळी माणसं, वेगवेगळी कारणं, आणि सगळे एकाच पायरीवर बसलेले.

तिला ते कळायला वेळ लागला नाही. उताणा झोपलेल्या रुग्णाचा उजवा हात डोक्याकडे न्यायचा तर मोजणारीचा डावा हात काम करतो. रुग्णाचा डावा हात न्यायचा तर मोजणारीचा उजवा.

ती उठली, पडदा ओढून घेतला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. उजवा हात बाजूने वर उचलला. खांदा कानाकडे गेला. कंबर डावीकडे कलली. हात कसाबसा छातीच्या वर आला आणि थांबला. या आरशात तिने हे दृश्य किती जणांना दाखवलं असेल याला गणती नव्हती. पण त्यात स्वतःला तिने चार महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. ज्याला ती रुग्णाच्या सांध्याचं अडणं समजत होती ते तिच्या स्वतःच्या खांद्याचं अडणं होतं.

तिने पडदा सरकवून धाकटीला हाक मारली.

"आत्ता बाहेर कोण कोण बसलंय?"

"चौघं आहेत, मॅडम. दोन डावे, दोन उजवे."

"चौघांना मी मोजते, मग तू मोज. बोलायचं नाही. चिठ्ठीवर लिहायचं, शेवटी उघडायचं."

तासाभराने दोघींनी आठ चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. उजव्या खांद्यांचे आकडे दोघींचे जुळत होते, एका ठिकाणी दोन अंशांचा फरक, तो चालतो. डाव्या खांद्यांमध्ये एकात चौदाचा फरक होता, दुसऱ्यात सोळाचा.

अंशताईने चिठ्ठ्या गोळा केल्या. मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"तुमच्या रजेनंतर, मॅडम. तुम्ही काकांचा हात नेत होतात तेव्हा तुमचं कोपर अंगाला चिकटलं होतं. आणि अडलं तेव्हा ओठ तुम्ही चावलात. त्यांनी नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात चकती सरकली असेल. मला वाटलं, असेल. मग घरी जाऊन वाटलं, नाही. मग वाटलं, तुम्हाला कोण सांगणार?"

"भूल उद्या द्यायची होती, बाई."

"आज सांगणार होते. सकाळपासून तीनदा तुमच्या टेबलापर्यंत येऊन गेले."

अंशताईला आठवलं, खरंच आली होती. एकदा स्टेपलर मागायला, एकदा पाणी हवंय का विचारायला.

"मला झोपव खाटेवर," ती म्हणाली. "आणि नीट मोज. दया दाखवू नकोस."

धाकटीने मोजलं. धरून एकशे आठ. हात बाहेर फिरवायचा तर जेमतेम वीस. ज्या रुग्णांना ती शिकवत होती त्यातल्या निम्म्यांहून वाईट.

मोठे डॉक्टर नुकतेच शस्त्रक्रिया आटोपून हात धूत होते. अंशताईने दाराशी उभं राहून सांगितलं. जे झालं ते सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता.

"तुमचे आकडे चुकले?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना आधी विनोदच वाटला असावा.

"चार महिन्यांचे. फक्त डाव्या बाजूचे. सात रुग्ण आहेत."

डॉक्टरांनी नळ बंद केला. "मी तुमच्या आकड्यांवर माणसाला टेबलावर घेतो, बाई."

"म्हणूनच आज आले. उद्या नाही."

"खांदा दुखत होता तर सांगायला काय झालं होतं?"

तिने नुसता आकड्यांचा कागद पुढे केला.

डॉक्टर त्याच पावली खाली आले. काकांना बोलावून घेतलं होतं. धाकटीने मोजलं, मग डॉक्टरांनी स्वतः पट्टी लावली. एकशे अठ्ठावीस, एकशे तीस. खांदा आपल्या गतीने सुटत होता, भूल देण्याचं कारणच नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर आडवी रेघ मारली आणि काकांना म्हणाले, "घरी जा. व्यायाम चालू ठेवा. बाकीचं या सांगतील."

बाकीचं अंशताईने सांगितलं. काका खाटेच्या कडेला बसून ऐकत होते. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"म्हणजे मी वाकत नव्हतो," ते शेवटी म्हणाले.

"थोडे वाकत होतात. पण हातही वर जात होता. तुम्ही खरं सांगत होतात."

"दोन महिने मी तेच सांगतोय, ताई. तुम्ही मला आरशासमोर उभं करायचात. मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं फिरलंय. बायकोला म्हणालो, हात वर जातोय असं मला वाटतं, पण जात नाही, असंही होत असेल का गं?"

"माझी चूक झाली. मला माफ करा."

काकांनी शर्टाची बटणं लावली. एकेक करून, सावकाश. "तुम्ही माफी मागितलीत, ते बरं केलंत. पण मी लगेच 'असू द्या, असू द्या' म्हणेन असं समजू नका. गेला आठवडा मी कसा काढला ते मला माहीत." दाराशी जाऊन ते वळले. "आणि यापुढे मला त्या मुलीकडे द्या."

"देते," अंशताई म्हणाली.

काका सोडून राहिलेल्या सहांपैकी पाच जणांना फोन करून बोलावलं, पुन्हा मोजलं, आकडे दुरुस्त झाले. चिडले दोघं, बाकीच्यांना उलट आनंदच झाला, बसल्या जागी पंधरा अंश मिळाले म्हणून. सातव्या होत्या ग्रंथालयातल्या बाई. त्यांनी दीड महिन्यापूर्वीच यायचं बंद केलं होतं. फोन उचलेनात, म्हणून अंशताई स्वतः गेली.

ग्रंथालय दुपारचं रिकामं होतं. बाई टेबलाशी बसून पुस्तकांवर शिक्के मारत होत्या, उजव्या हाताने. डावा मांडीवर.

"तुम्हीच म्हणालात ना, दोन महिन्यांत काही फरक नाही," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मग मी म्हटलं, नाही तर नाही. व्यायाम सोडला. वरच्या फळ्यांचं काम दुसऱ्या बाईंना दिलं, मी इथे बसते."

अंशताईने सगळं सांगितलं. बाईंनी शिक्का खाली ठेवला. "म्हणजे तेव्हा फरक पडत होता?"

"पडत होता."

"मग तेव्हा नुसतं एवढं कळलं असतं तरी मी सोडला नसता हो," बाई म्हणाल्या.

त्या परत आल्या. पण मधल्या दीड महिन्यात हात मागे गेला होता. सहा महिने घासून त्यांचा खांदा एकशे अडतीसवर येऊन थांबला, आणि सगळ्यात वरच्या फळीसाठी त्यांना स्टूल घ्यावं लागलं ते लागलंच. डॉक्टर म्हणाले, न सोडताही कदाचित तेवढाच झाला असता, सांगता येत नाही. अंशताईने ते 'कदाचित' कधी मनावर घेतलं नाही.

दवाखान्याच्या प्रमुखांनी लेखी खुलासा मागितला. तिने एका पानात लिहिला. दुखणं लपवलं, हेही लिहिलं, कोणी विचारलं नव्हतं तरी. विभागात दोनचार दिवस कुजबुज झाली. ज्यांच्या नाकाला तिच्या शिस्तीची मिरची झोंबली होती त्यांना बरं वाटलं असेल, तेही स्वाभाविक आहे. मग कुजबुज थांबली. वहीत एक नवा रकाना आला, 'कोणी मोजलं', आणि एक नियम आला: शस्त्रक्रियेचा निर्णय असेल तर दोघांनी वेगवेगळं मोजायचं. डाव्या खांद्यांची मोजणी अंशताईने स्वतःहून धाकटीकडे सोपवली.

घरी सांगितलं तेव्हा नवरा आधी तिच्या केसांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणून होय! आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, बायकोने नवीन फॅशन केली." दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी तिचा स्वेटर उजवी बाही पुढे करून धरला.

आता अंशताईचा खांदा धाकटीच्या ताब्यात. रोज काम संपल्यावर अर्धा तास. आणि सांगायला हरकत नाही, अंशताई ही अत्यंत वाईट रुग्ण निघाली. घरी करायचे व्यायाम दिवसाआड करायची आणि रोज केले म्हणून सांगायची. शिडीवर बोटं चढवताना टाचा उचलायची.

"मॅडम, टाचा."

"टेकल्यात की."

"आरशात बघा."

अंशताई आरशात बघायची आणि टाचा खाली घ्यायची. दुखायचं तेव्हा ती धाकटीवर खेकसायची. धाकटी पूर्वीसारखी शब्द मोजून बोलायची नाही. "ओरडा," म्हणायची, "पण हात सोडू नका." एकदा अंशताई कळवळून म्हणाली, "मी लोकांना इतकं दुखवत होते का गं?" धाकटी म्हणाली, "याहून जास्त. पण लोक तुम्हाला घाबरून ओरडत नव्हते."

आठ महिन्यांनी सलूनवाले काकांची शेवटची मोजणी झाली. एकशे अठ्ठावन्न. साखरेच्या माणसाला हे उत्तमच. एवढे दिवस ते अंशताईशी कामापुरतं बोलायचे, नमस्काराला नमस्कार. त्या दिवशी जाताना तिच्या खाटेपाशी थांबले. ती दोरीला हात लावून बसली होती.

"तुमचा किती झाला?"

"एकशे पस्तीस."

"मी पुढे गेलो," काका म्हणाले आणि हसत निघून गेले. त्यांनी माफ केलं की नाही, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तिचा खांदा सुटायला चौदा महिने लागले. एकशे साठपर्यंत आला. हात मागे न्यायला अजून थोडा अडायचा, पण कामाला पुरेसा होता. तरी डाव्या खांद्यांना तिने लगेच हात लावला नाही. आधी महिनाभर दोघींनी प्रत्येक डावा रुग्ण वेगवेगळा मोजला, चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या, आणि फरक चार अंशांच्या आत आहे याची खात्री झाली, तेव्हाच तिने वहीत 'कोणी मोजलं'च्या रकान्यात, डाव्या खांद्यापुढे, पुन्हा आपली सही केली.

तो खांदा एका रंगाऱ्याचा होता, शिडीवरून पडलेल्या. अंशताईने धरून मोजलं, एकशे बावीस. धाकटी शेजारून म्हणाली, "चोवीस दिसतंय मला." अंशताई म्हणाली, "तू उभी कुठे आहेस ते बघ, तिरकं वाचतेयस." धाकटी म्हणाली, "तिरक्या तुम्ही आहात." दोघी खाली वाकून चकतीवर डोळे लावून वाद घालायला लागल्या, आणि बराच वेळ झाल्यावर रंगारी झोपल्या जागेवरून म्हणाला, "अहो, तुमचं ठरेपर्यंत हात खाली घेऊ का?"